खांद्यावर हात

रविवारी दुपारी पावणेबाराला, गिरणीत कामगारांना पाळ्या लावणाऱ्या किसनसिंग जॉबरची स्कूटर गोविंदाच्या दारात थांबली. स्टँड लावायच्या आधीच त्याने बातमी सांगून टाकली. उद्या अकरा वाजता सरकारी साहेब गिरणीत येणार आणि एकेका कामगाराला त्याच्या त्याच्या साच्यापाशी उभं करून फोटो काढणार.

ओसरीवर सगळे तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. प्रियंका आदल्या दिवशी फुलसावंगीहून माहेरी आली होती आणि येताना गोणीभर शेंगा घेऊन आली होती. संध्याकाळी सोले-वांग्याचा बेत होता. थोरल्या सुनेच्या, रुपालीच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली.

"जयभीम, गोविंदाभाऊ," किसनसिंगला रीत उशिरा आठवली.

"जय सेवालाल. बस," गोविंदा म्हणाला. इतकी वर्षं दोघे एकमेकांच्या समाजाचा नमस्कार घालत आले होते, त्यात चूक झाली नव्हती. "काय म्हनत होता?"

गोविंदाला ऐकू कमी येई. उमर रिंगफ्रेम खात्यात, सूत कातणाऱ्या साच्यांवर गेली होती आणि त्या खात्यात माणसाचा आवाज माणसापर्यंत पोचत नाही. तिथले कामगार हातांनी बोलतात. ती हातांची बोली गोविंदाने बहिरेपणासोबत घरी आणली होती. त्याच्या बायकोने, तुळसाबाईने चेहऱ्याभोवती तळवा फिरवला, मग लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या दिशेने बोट केलं. गोविंदाला कळलं.

"फोटो कायले?"

"मदत देऊन राह्यलं ना सरकार. ज्याचं नाव, त्याचंच थोबाड पाह्यजे म्हन्ते."

दिवाळीपासून गिरणीचे अर्धे साचे बंद होते. माणसं कमी करणार अशी आवई उठली होती, आणि ती खरीही ठरली असती. मग सरकारची योजना आली. वर्षभर कामगारांचा अर्धा पगार सरकार भरेल. गिरणीने पटावरच्या एकाही माणसाला काढायचं नाही. ज्यांचं खातंच कायमचं बंद झालं त्यांना दुसरं काम शिकवायचं आणि शिकेपर्यंत भत्ता द्यायचा. गेल्या आठवड्यात लोहाऱ्यात पेढे वाटले गेले होते. गोविंदाच्या घरीही वाटले होते. त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही, की आपल्या घराची गोष्ट वेगळी आहे.

पटावर नाव होतं अतुलचं, थोरल्याचं. साच्यावर होता अश्वजित, धाकटा.

अडीच वर्षांपूर्वी पाळ्या कमी झाल्या तेव्हा अतुल चाकणला एका गोदामात कामाला गेला. जायचं म्हणून गेला नव्हता. सहा महिने पाहू, म्हणाला होता. गिरणीच्या फाटकावर दाखवायचा पितळी बिल्ला त्याने खुंटीला टांगला. तो मुळात गोविंदाचा बिल्ला, गोविंदाने कानांपायी काम सोडलं तेव्हा अतुलला मिळालेला. दुसऱ्या दिवशी तोच बिल्ला घेऊन अश्वजित पाळीला गेला. घरची जागा आहे, रिकामी ठेवू नये, असं गोविंदा म्हणाला. किसनसिंगने डोळे दुसरीकडे वळवले. या घरात ती चोरी कुणाला वाटली नव्हती. भावाचं वावर भाऊ पेरतो, तसंच ते होतं.

"मी तुमच्या शब्दाखातर गप राह्यलो, भाऊ," किसनसिंग म्हणाला. "उद्या नाव एकाचं अन् तोंड दुसऱ्याचं निंगालं तं जागा बी गेली, अन् मी बी."

"अन् आशू?" प्रियंकाने विचारलं. "आशूचं काय?"

"त्याचं काय, पोरी? तो हायेच कोठं? ना ठेवलेल्यायत, ना काढलेल्यायत."

मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. रात्रपाळी करून आलेला अश्वजित आत झोपला होता, किंवा झोपला असावा असं सगळे धरून चालले होते.

तुळसाबाईने मांडीवरची टरफलं झटकली. "अतुलले फोन लावा. आज सांजच्या गाडीनं निंगाला तं सकाळी येते."

रुपाली मान खाली घालून दाणे निवडत राहिली. त्या क्षणी तिच्या मनात काय आलं ते तिने पुढे कुणाला सांगितलं नाही. भीती नव्हती, दिराची काळजीही नव्हती. आनंद झाला होता. निव्वळ आनंद, आणि त्याच्या मागोमाग त्याची लाज.

"वा माय!" प्रियंका म्हणाली. "दादा तिकडं बसला, आशूनं इकडं त्याच्या नावानं रगत आटवलं. अन् आता फोटो काढाले दादा?"

"जागा घरची हाये. घरातच राह्यली पाह्यजे."

"जागा घरात राहीन. पोट्टा कोठी राहीन?"

"तू दोन दिवसाची पाहुनी. शेंगा आनल्या, शेंगा सोल."

"सोलून राह्यली ना. मीच सोलून राह्यली, बाकी सारे हात धरून बसले." प्रियंका बापाकडे वळली आणि तोंड नीट उघडून, सावकाश बोलली, "बाबा, साहेबाले खरं सांगून टाका. काम यानं केलं, मदत याले भेटली पाह्यजे. एवढीच गोष्ट."

किसनसिंग उठलाच. "सांगा. मी जातो तांड्यावर, बकऱ्या चारतो."

"बस, किसन," गोविंदा म्हणाला. "तुही भाकर पाडून माह्या पोराची नाही भाजाची." मग प्रियंकाकडे न पाहता, "ते तोंडातून काढू नको पुन्हा."

प्रियंकाने हातातली शेंग टोपलीत टाकली. तिचं सासरी पटत नव्हतं त्या दिवसांत याच ओसरीवर अश्वजित एकटा तिच्या बाजूने बोलला होता. ते ती विसरली नव्हती, आणि घरातले बाकीचे विसरले आहेत हे तिला आत्ता कळलं.

दार उघडलं. अश्वजित बाहेर आला. अंगावर अतुलचा जुना स्वेटर, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. कितीही धुतलं तरी ते पूर्ण जात नसत.

"वयनी, चहा हाये का?"

"ठेवते," रुपाली म्हणाली, पण उठली नाही.

तो उंबऱ्यावर बसला, मूठभर दाणे उचलून तोंडात टाकले. "फोन लावला का भाऊले?"

"तू तं बोल काही," प्रियंका म्हणाली. "तुह्यं तोंड शिवलं हाये का?"

"काय बोलू? टायमकीपर मले अतुल म्हन्ते, मॅनेजर अतुल म्हन्ते. जुन्यायले ठाऊक हाये, तं तेही आता अतुलच म्हन्तात. परवा बजारात कोनंतरी अश्वजित म्हनून हाक मारली, तं मी पलटून नाही पाह्यलं." तो हसला. "मले वाटलं, दुसऱ्या कोनाले बलावून राह्यला."



किसनसिंगने घाईने पुढचं सांगितलं. उद्यापासून अश्वजितची पाळी बदलून पहिली होत होती, सकाळी सातची. चाकणहून निघालेली गाडी सातच्या आत पोचणार नाही. आणि तपासणीच्या दिवशी जो गैरहजर, त्याचं नाव गेलं. म्हणून सात वाजता बिल्ला घेऊन अश्वजितनेच आत जायचं. गाडी दारव्ह्याच्या रस्त्याने येते, लोहारा फाटा वाटेतच आहे. अतुलने तिथे उतरावं. त्याला कापसाच्या गोदामाच्या दाराने आत घ्यायचं काम किसनसिंगचं. अकराच्या आत भाऊ साच्यावर, आणि अश्वजित त्याच दाराने बाहेर.

"मंग झालं," तुळसाबाई म्हणाली.

"झालं," अश्वजित म्हणाला. "एक गोष्ट. साचा चालू टाकून मी पळनार नाही. भाऊनं यावं अन् खांद्यावर हात ठेवावा. मंग जाईन."

"टाइम नसन बे तेव्हा!" किसनसिंग म्हणाला. "साहेब मांगं, तुमचं हे कायचं सोंग?"

"सोंग नाही. रीत हाये. तुमीच शिकवली."

ती रीत खरीच होती. रिंगफ्रेम खात्यात पाळी बदलताना चालता साचा कुणी उघडा सोडत नाही. येणारा माणूस मागून येतो, घडीभर उभा राहून धागे पाहतो, कुठे तुटतात, कुठली बाजू त्रास देते ते बघून घेतो. मग जाणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो. हात पडला की साचा त्याचा. हात पडेपर्यंत भोंगा वाजून गेला तरी पहिला माणूस जागचा हलत नाही. बोलायची सोय नाही, म्हणून सगळा व्यवहार त्या एका हातात.

"भाऊ गेलता तवा बिल्ला खुटीले टांगून गेलता," अश्वजित म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मले कोनी काही देल्लं नाही. मी आपलाच उचलला. आता घेतानी तरी रीतीनं घ्या."

गोविंदाने हे ऐकलं की ओठांवरून वाचलं, कोण जाणे. त्याने स्वतःच्या खांद्यावर तळवा ठेवला, तसाच थोडा वेळ राहू दिला आणि मान हलवली. बापाने होकार दिल्यावर पुढे बोलायचं उरलं नाही.

फोन लावायचं रुपालीवर आलं. ती मागच्या अंगणात गेली. धुण्याच्या दगडापाशी आवाज नीट येई, आणि मोरीच्या भिंतीआड कुणाला तोंड दिसत नसे.

अडीच वर्षांत ती या दगडावर बसून अतुलशी किती काही बोलली होती. जेवले का, डबा कुठला होता, पोरीचा ताप उतरला, बाबांचे कान दाखवले. 'या' हा शब्द मात्र तिने कधी उच्चारला नव्हता. तो उच्चारला आणि अतुल आला नाही, तर मग काय उरलं असतं? त्यापेक्षा न उच्चारलेला बरा होता. संध्याकाळी दारात सायकलचा स्टँड वाजे. अश्वजितची चाल भावासारखी, खोकायची तऱ्हाही तीच, कापडाला सुताचा आणि तेलाचा वास तोच. दर वेळी तिचा हात परातीत थांबे. मग दीर आत येई, पोरगी 'काका' म्हणून त्याच्या पायांना मिठी मारी, आणि रुपालीचा हात पुन्हा चालू होई. ज्या माणसाने अडीच वर्षं घर ओढलं, त्याचं पाऊल वाजताना आपल्याला दर वेळी थोडी निराशा होते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती त्याच्या ताटात भाजी जास्त वाढत आली.

"बोल," अतुल म्हणाला. मागे ट्रक मागे घेताना वाजतो तो टुंक टुंक आवाज चालू होता.

तिने सगळं सांगितलं.

"किती दिवस देनार म्हन्ते सरकार?"

"वर्षभर."

"अन् वर्षानंतर?"

"ते कोनाले ठाऊक?"

"अठी मले लाइनवरचा मुकादम करून राह्यले पुढच्या महिन्यात." थांबून, "आजच साहेब बोलला."

रुपालीने धुण्याच्या दगडावरचा साबणाचा तुकडा उचलून जागेवर ठेवला. "चांगलं झालं."

"आशू काय म्हन्ते?"

"भाऊजी म्हन्तात, येऊ द्या. फक्त साच्यावर येऊन रीतीनं हात ठेवा म्हन्तात."



"अन् तू?" अतुलने विचारलं. "तुले काय वाटते?"

भिंतीपलीकडे सासू पोरीला काही दटावत होती. प्रियंकाच्या बांगड्या वाजल्या. कुणाला ऐकू गेलं तर जाऊ दे, असं रुपालीला प्रथमच वाटलं.

"या," ती म्हणाली.

"निंगतो," तो म्हणाला.

ती परत आली तेव्हा किसनसिंग गेला होता. अश्वजित स्वतःच चहा करून चुलीपाशी बसला होता. त्याने तिच्यासाठीही कप भरून ठेवला होता.

"येऊन राह्यला?"

"हो." मग तिला राहवलं नाही. "भाऊजी, मीच म्हनलं त्यायले या म्हनून. त्यायनं इचारलं, मी म्हनलं."

"मंग काय येऊ नका म्हनाचं होतं?" तो हसला. "चांगलं केलं, वयनी. माह्या भरोशावर ठेवलं असतं तं मी इचारलंच नसतं त्याले."

हे शेवटचं वाक्य तो चहाच्या कपात पाहून बोलला. रुपालीने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

संध्याकाळपर्यंत घरातल्या बाजू फिरल्या. दुपारी थोरल्याला बोलवा म्हणणारी तुळसाबाई आता धाकट्याच्या भोवती घुटमळत होती. सोले-वांग्याची पहिली वाटी तिने त्याला वाढली, भाकरीवर तेल सोडलं, आणि तू काय खातच नाही म्हणून उगाच रागावली. प्रियंकाने भांडण टाकून दिलं होतं. ती भावाला फुलसावंगीला चल म्हणत होती. तिच्या नवऱ्याच्या दुकानात माणूस हवा होता.

"तुह्या दुकानात काय इकू? सुया अन् बटनं?"

"इकून पाह्य एकडाव. गिऱ्हाईक म्हनलं की लाजते हा."

"दाजी मले पयल्याच दिवशी हाकलून देईन."

"त्यायचा बाप नाही हाकलनार. मी हावो तठी."

"मी पाह्यतो," अश्वजित म्हणाला. तो पाहणार नाही हे सगळ्यांना समजलं. त्याला साचा आवडत होता. गिरणीत जायच्या आधी तो परीक्षा देत बसला होता, नापास होत होता आणि घरात कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. साच्यापाशी उभं राहून तुटलेला धागा चिमटीत धरून जोडायला लागल्यापासून त्याची मान वर झाली होती. ते सुख दुसऱ्याच्या नावावर जमा होत होतं, एवढंच.

गोविंदा खुंटीखाली बसून बिल्ला धोतराच्या सोग्याने पुसत होता. तो आधीच लख्ख होता. दोन मुलं आणि एक बिल्ला. त्याच्या बापाने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा घरात एकही बिल्ला नव्हता, ही गोष्ट तो नेहमी अभिमानाने सांगे. त्या संध्याकाळी त्याने ती सांगितली नाही.

सोमवारी सकाळी थंडी होती. अश्वजितने डबा घेतला, बिल्ला शर्टाच्या खिशात टाकला. दारात रुपाली उभी होती.

"डबा दोघायले पुरंन एवढा भरला," ती म्हणाली.

"खाईन कोन ते पाहू," तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकली. वळणापर्यंत ती पाठ पाहत राहिली. आज पहिल्यांदा ती पाठ तिला दुसऱ्या कुणाची वाटली नाही.

कारंजा मागे पडल्याचा अतुलचा फोन साडेआठला आला. दारव्ह्याला गाडी चहासाठी थांबली. रुपालीने पाणी तापवलं, पोरीची वेणी घातली, स्वतःची हिरवी साडी काढली आणि परत ठेवून रोजची नेसली. मग पुन्हा हिरवी काढली. प्रियंकाने पाहिलं, पण चेष्टा केली नाही. निऱ्या धरू लागली.

सव्वादहाला अतुल लोहारा फाट्यावर उतरला. "सरळ गिरनीत जाऊन राह्यलो," एवढं सांगून त्याने फोन ठेवला. फाट्यावरून गिरणीकडे जाणारा रस्ता घराच्या मागल्या बाजूने, बाभळींपलीकडून जातो. रुपाली धुण्याच्या दगडावर चढून उभी राहिली. एक टेम्पो गेला, दोन बायका मोळ्या घेऊन गेल्या. तो गेला असला तर तिला दिसला नाही. अडीच वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता.

अकराला वीस मिनिटं असताना किसनसिंगचा फोन आला. त्याच्या आवाजापेक्षा साच्यांचा आवाज मोठा होता.

"घेतला आत!" तो ओरडत होता. "साच्यापाशी पोचला!"

रुपालीने फोन कानाला दाबला. तुळसाबाई, प्रियंका तिच्याभोवती आल्या. गोविंदा खाटेवरून उठला.

"हात ठेवला?"

"काय?"

"हात! खांद्यावर!"

"नाही! आशूच्या मांगं उभा हाये. नुसता पाहून राह्यला."

"भाऊजीयले समजलं काय, ते आले म्हनून?"

"समजलं असन. पलटला नाही. धागे जोडूनच राह्यला."

"अन् साहेब?"

"साहेब टायमाच्या आधीच आले, कार्डिंग खात्यात पोचले. दोन खाती, मंग इकडंच! काय करू सांगा ना, दोघंही माह्याकडं पाहून नाही राह्यले!"

"काकाजी, त्यायले सांगा..." रुपाली म्हणाली आणि थांबली. कुणाला, आणि काय, हे तिला ठरवता आलं नाही.

गोविंदाने तिच्यासमोर येऊन स्वतःच्या खांद्यावर तळवा ठेवला आणि भुवया वर केल्या. विचारत होता. रुपालीने मान हलवली. नाही. त्याने हात खाली घेतला नाही. तसाच खांद्यावर ठेवून उभा राहिला.

फोन चालूच होता. किसनसिंगने तो खिशात टाकला असावा. पलीकडून आता फक्त साचा ऐकू येत होता, एकसारखा, न थांबता. पावणेअकराला घरापर्यंत पोचलेली खात्रीची बातमी एवढीच होती. साचा सुरू होता, दोघे भाऊ त्याच्यापाशी होते, आणि हात अजून पडला नव्हता.